पडद्यावरील भयानक रस : अभिनय आणि संहिता

वर्गात रसप्रकरण शिकविताना आपण शिक्षक शृंगार, वीर आणि करुण यांच्यापाशी मनसोक्त रेंगाळतो. भयानकाची पाळी आली म्हणजे मात्र स्मशान, घुबड आणि अमावास्या एवढ्यांची नावे घेऊन पुढच्या रसाकडे वळतो. विद्यार्थी घरी जाऊन जे चित्रपट आणि ज्या मालिका पाहतात त्यांत याच रसाचा वाटा मोठा असतो, हे आपण जाणतो. पण जाणल्याचे दाखवीत नाही. भुताखेतांच्या कथा म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, अशी आपली समजूत. माझीही बरीच वर्षे तीच होती. मी चित्रपटविद्येचा अभ्यासक नव्हे; साहित्याची आवड असलेला एक प्रेक्षक आहे. परंतु भयपट पाहता पाहता असे ध्यानात आले की, त्यांतील यशापयशाचा उलगडा करण्यास जी परिभाषा लागते ती आपल्याच कपाटात धूळ खात पडली आहे. ती झटकून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायी भाव भय, वर्ण कृष्ण आणि देवता काल असे सांगितले आहे. विकृत आवाज, भूतदर्शन, ओसाड घर, अरण्यात शिरणे, स्वजनांचा वध वा बंधन पाहणे हे त्याचे विभाव. हातापायांचा कंप, नेत्रांची चंचलता, रोमांच, मुखाचा पालटलेला वर्ण आणि बदललेला स्वर हे त्याचे अनुभाव. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, असेही भरताने म्हटले आहे. आणि रक्तमांसाच्या दर्शनावरच सारी भिस्त ठेवणारा आजचा भयपट या वचनाचा अर्धाच भाग वाचून थांबला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. बीभत्स हे उगमस्थान आहे, मुक्काम नव्हे.

याहून महत्त्वाची आहे ती भरताने केलेली भयाची त्रिविध वाटणी. एक भय व्याजाचे, म्हणजे सोंगाचे. दुसरे अपराधातून उपजलेले. आणि तिसरे वित्रासितक, म्हणजे दचकलेल्या, स्वभावतःच भेदरलेल्या मनाचे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी असलेली ही वाटणी चित्रपटाला लावून पाहिली तर ती तेथे नेमकी बसते, आणि अभिनय कोठे फसला व लेखन कोठे फसले हेही तिच्यामुळे कळते.

तत्पूर्वी एका जुन्या प्रश्नाचा निकाल लावणे अगत्याचे आहे. भय ही दुःखद भावना. मग माणूस पैसे मोजून ती विकत का घेतो? अभिनवगुप्ताने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकालात याचे उत्तर देऊन ठेवले आहे, आणि त्यासाठी त्याने उदाहरण घेतले आहे ते शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे. त्या हरिणाचे भय पाहताना प्रेक्षकाला ‘मी भ्यालो’ असे वाटत नाही. ‘तो भ्याला’ असेही वाटत नाही. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळून निखळ भय तेवढे चित्तात उरते, आणि त्याचाच आस्वाद घेता येतो. ज्या ‘अभिनवभारती’त हे विवेचन आहे तिचा पहिला खंड रामकृष्ण कवी यांनी संपादिला आणि तो १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते.

या विवेचनातून पहिली कसोटी हाती लागते. दचकणे आणि भिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दचकणे हा शरीराचा धर्म आहे. कानाजवळ ताट आपटले तरी माणूस दचकतो. त्यात आस्वाद नाही, कारण त्या क्षणी प्रेक्षकाला स्वतःचेच भान अधिक होते. ‘मी भ्यालो’ एवढेच तेथे शिल्लक उरते. ज्या संहितेत दर दहा मिनिटांनी मांजर अंगावर उडी घेते आणि वाद्यमेळ किंचाळतो, त्या संहितेने रस निर्माण केलेला नाही. तिने फक्त ताट आपटले आहे.

आता अभिनयाकडे वळू. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. रंगभूमीवर त्यांपैकी कित्येक पाचव्या रांगेपलीकडे दिसणे अशक्यच. घाम आणि फिकटपणा प्रेक्षागृहाच्या टोकाशी बसलेल्या माणसाला कळावा कसा? म्हणून नटाने ते मोठ्या आंगिक चेष्टांनी सुचवावयाचे, असा संकेत रूढ झाला. कॅमेऱ्याने ही अडचण एका फटक्यात दूर केली. कपाळावरील घर्मबिंदू, ओठांचा सुटलेला रंग, घशात अडकलेला आवंढा हे सारे आता चार हातांवरून दिसते. म्हणजे सात्त्विक अभिनयाला खरे घर मिळाले ते पडद्यावर. आणि तरीही आपले बहुतेक नट पडद्यावर नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी भितात! डोळे विस्फारणे, दोन्ही तळहात गालांवर नेणे, मागे सरकत भिंतीला टेकणे, या चेष्टा लांबून पाहण्याच्या आहेत. जवळून पाहताना त्या खोट्या वाटतात, आणि भयाच्या जागी हास्य उभे राहते.

भरताने आणखी एक सूक्ष्म सूचना केली आहे. खरे भय जसे अभिनीत करावयाचे तसेच कृतक भयही करावे. मात्र चेष्टा मृदू ठेवाव्यात. तसेच उत्तम प्रकृतीच्या माणसांना स्वाभाविक भय नसते, ते गुरू आणि राजा यांच्यापुढे भ्याल्याचे दाखवितात, असेही या संदर्भात सांगितले जाते. स्त्रिया व हीन प्रकृतीची माणसे तेवढी खरोखर भितात, हे त्याचे मत आज कोणी मान्य करणार नाही, करूही नये. पण प्रतिष्ठा जपणारा माणूस आपले भय उघडे पडू देत नाही, हे त्यातील मर्म अबाधित आहे. पडद्यावर प्रेक्षकाला अस्वस्थ करतो तो भ्यालेला माणूस नव्हे. भय लपवू पाहणारा आणि ते न लपलेला माणूस.

व्याजभयाचे आपल्याकडील अव्वल उदाहरण म्हणजे कमाल अमरोही यांचा १९४९ सालचा ‘महल’. ओसाड वाड्यात आलेल्या नायकाला तेथील जुन्या मालकाच्या तसबिरीत आपलाच चेहरा दिसतो. मग रात्री एक स्त्री दिसू लागते, आणि लता मंगेशकर यांच्या स्वरातील गीत त्या वाड्यातून देहाविना फिरत राहते. ही स्त्री भूत नसून माळ्याची मुलगी आहे, असा उलगडा पुढे न्यायालयात होतो. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) या चित्रपटांनीही सोंगाच्या भुताची हीच वाट चोखाळली. या प्रकारच्या संहितेपुढे एक मोठी अडचण असते. भूत खोटे ठरले की प्रेक्षकाचे इतका वेळचे भयही खोटे ठरते आणि तो स्वतःवरच चिडतो. ‘महल’ या अडचणीतून सुटला तो अशोककुमार यांच्या अभिनयामुळे. उलगडा झाल्यानंतरही त्यांच्या चेहऱ्यावरचा झपाटलेपणा उतरत नाही. भूत नव्हते हे त्याला पटले, पण ज्या ओढीने तो भुतामागे गेला ती ओढ खरीच होती. सोंग उघडकीला आले, व्याधी राहिली. रहस्याचा उलगडा ही कथेची समाप्ती नसून पात्राची परीक्षा आहे, हे ज्या लेखकाला कळते त्यालाच व्याजभय पेलते. मधुबालेलाही येथे दुहेरी काम आहे, भुताचे सोंग घेणाऱ्या मुलीचे; आणि ते तिने मंद हालचालींनी, अर्ध्या उजेडात, भरताला मान्य व्हावे अशा मृदू चेष्टांनी केले आहे.

वित्रासितकासाठी परदेशी उदाहरण घेतो, कारण ते या प्रकारात अभिजात मानले जाते. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि रॉबर्ट वाइज यांनी १९६३ मध्ये तिच्यावर ‘द हाँटिंग’ हा चित्रपट काढला. त्यात भूत एकदाही दिसत नाही. दिसते ते एवढेच की, बंद दार आतल्या बाजूला फुगते, भिंतीवर ठोके पडतात, आणि अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेल्या एलिनॉरला उजेड झाल्यावर उमगते की मैत्रीण तर दूर आहे. ज्युली हॅरिस यांनी रंगविलेली ही एलिनॉर भुतामुळे भेदरलेली नाही. ती भेदरलेलीच त्या घरात आली आहे. अकरा वर्षे तिने आजारी आईची सेवा केली, आणि आई गेली त्या रात्री भिंतीवर वाजलेल्या ठोक्यांकडे तिच्याकडून दुर्लक्ष झाले. घरातले ठोके म्हणूनच तिला इतरांपेक्षा अधिक मोठ्याने ऐकू येतात. येथे वित्रासिताच्या तळाशी अपराध आहे, आणि अभिनयाचे सारे बळ त्या तळाकडे नेणाऱ्या लहानसहान गोष्टींत आहे : नको तेव्हा हसणे, कोणी आपुलकीने बोलले की गोंधळणे, घराने आपल्याला हाक मारली याचा भीतीबरोबरच होणारा आनंद. भयात आनंद मिसळलेला चेहरा किंकाळीहून कितीतरी अधिक भीषण असतो.

याच कादंबरीच्या आधारे माइक फ्लॅनॅगन यांनी २०१८ साली दहा भागांची मालिका केली. मूळ कथेतील परस्परांस अनोळखी माणसांच्या जागी त्यांनी एक कुटुंब घातले : आईबाप आणि पाच मुले. दूरचित्रवाणीच्या लेखनाला चित्रपटापेक्षा मोठा अवकाश मिळतो. त्याचे काय करावे याचा हा पाठच आहे. प्रत्येक भावंडाला स्वतंत्र भाग देऊन एकाच बालपणाच्या पाच आठवणी मांडल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. धाकट्या नेलला लहानपणापासून एक मान मोडलेली बाई दिसत असते. ती बाई म्हणजे तिचेच भावी मरण, हे पाचव्या भागाच्या अखेरीस कळते. हा धक्काच आहे, पण ताट आपटण्याचा नव्हे. पूर्वी पाहिलेल्या प्रत्येक दृश्याचा अर्थ तो बदलून टाकतो, आणि भयाचे रूपांतर करुणात करतो. पुढचा भाग बव्हंशी दीर्घ, अखंड दृश्यांत चित्रित केला आहे. शवपेटीभोवती जमलेले कुटुंब भांडत असते आणि नटांना तुकड्या-तुकड्यांच्या आडोशाला लपता येत नाही. रंगभूमीवरील नटाचा दमसास तेथे लागतो. शेवट मात्र मला सैल वाटला. ज्या घराने इतकी माणसे गिळली त्याच्याशी लेखकाने फार गोड तह केला. दुःखाचे सांत्वन करण्याच्या भरात भयाची बाकी चुकती करण्याचे राहून गेले.

अपराधजन्य भयाचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. राही हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. मूळ प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेची, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले. भाषा मात्र हिंदी. कोकणातल्या आणि पुण्यातल्या ब्राह्मण घरांतील माणसे हिंदीत बोलताना ऐकून मराठी प्रेक्षकाला चुकल्यासारखे होते, हे खरे. तरी संहितेच्या बांधणीत हा चित्रपट आदर्श आहे. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत घडते. हस्तर नावाचा सोन्याचा लोभी आणि अन्नाचा भुकेला देवपुत्र. विहिरीच्या तळाशी त्याचे वास्तव्य. पिठाच्या वर्तुळात त्याला शिरता येत नाही. कणकेची बाहुली तो खात असताना त्याच्या लंगोटातून मोहरा काढून घ्यावयाच्या. नियम एवढेच. ते आरंभी सांगितले जातात आणि पुढे मोडले जात नाहीत. अखेरची आपत्ती येते ती मुलाने याच नियमांवर लढविलेल्या अक्कलहुशारीतून : एक बाहुली नेली तर एक हस्तर, मग पुष्कळ नेल्या तर? भयकथेत वाटेल ते घडू शकते असे मानणारा लेखक वाचकाला भिववू शकत नाही. वाटेल ते घडू शकत असेल तर अमुक एक घडेल याची धास्ती कोणाला वाटणार? नियम हाच भयाचा कणा होय.

सोहम शाह यांचा विनायक हा अभिनयाच्या दृष्टीने आणखी बारकाईने पाहण्याजोगा आहे. तो विहिरीत उतरताना भितो असे फारसे दिसत नाही. दोर बांधणे, कंदील लावणे, पीठ पसरणे हे तो एखाद्या कसबी मजुराच्या सफाईने करतो, आणि तीच सफाई आपल्या पोराला शिकवितो. भयाचे नोकरीत रूपांतर झालेले आहे! बाप मुलाची उजळणी घेत आहे हे पाहताना अंगावर काटा येतो तो हस्तरामुळे नव्हे. पांडुरंगाची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या मुलानेच शापित आजीचेही काम केले आहे. नातू आणि पणजी एकाच देहात आले आहेत, हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही वंशपरंपरेने चालत आलेल्या लोभाची ती जाणीव कोठेतरी स्पर्श करीत असली पाहिजे. आणि शेवटी पोराने बापाने पुढे केलेले लुगडे-लंगोट, म्हणजेच वारसा, नाकारला, तेव्हा भयाचे रूपांतर निर्णयात होते. हा शेवट सैल नाही. तो कमावलेला आहे.

एक उदाहरण या तिन्ही कप्प्यांत बसत नाही, म्हणूनच त्याचा विचार हवा. फाझिल यांचा ‘मणिचित्रताळ’ हा मल्याळम चित्रपट १९९३ साली आला. संहिता मधु मुट्टम यांची. जुन्या वाड्यात राहावयास आलेली गंगा स्वतःला नागवल्ली ही मृत नर्तकी समजू लागते. ती सोंग करीत नाही, आणि भूतही नाही. ती आजारी आहे. या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पतीशी साधे बोलता बोलता तिचा स्वर पालटतो, नजर खिळते आणि हातात नसलेले बळ येते; पुन्हा क्षणात ती ओळखीची गंगा होते. संक्रमणाच्या त्या दोन-तीन क्षणांतच सारा अभिनय आहे. गंगेला आवाज भाग्यलक्ष्मी यांनी दिला आणि नागवल्लीला दुर्गा यांनी. भरताचा स्वरभेद येथे अक्षरशः दोन कंठांनी साकार झाला. संहितेचा मोठेपणा असा की, मनोविकारतज्ज्ञ तिला बरी करतो ते मांत्रिकाच्या विधीचे नाटक रचून. भूत आहे असे लेखक म्हणत नाही. पण त्या स्त्रीची वेदना खरी आहे, हे तो क्षणभरही विसरत नाही.

आणि येथेच आपल्या मालिकांचे दुखणे दिसून येते. हिंदीत १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ आणि १९९५ पासून ‘आहट’ यांनी घरोघरी भय पोहोचविले. मराठीत रत्नाकर मतकरी यांच्या ‘गहिरे पाणी’ने गूढकथेची सुसंस्कृत परंपरा पडद्यावर आणली. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ आली आणि मालवणी बोलीसह कोकणचे घर दिसू लागले. तिच्या पहिल्या पर्वाच्या आरंभी अण्णा नाईक मरण पावलेले आहेत; २०१९ च्या दुसऱ्या पर्वात, पूर्वकथेत, माधव अभ्यंकर यांनी ते जिवंत उभे केले. मला तरी मेलेल्या अण्णांपेक्षा जिवंत अण्णांचे भय अधिक वाटले. घरच्या कर्त्या पुरुषाची चाहूल लागताच बायकामुलांचे आवाज खाली येणे, याला कोणत्याही वाद्यमेळाची गरज लागत नाही. कित्येक प्रेक्षकांनी ते भय स्वतःच्या घरात पाहिलेले असते. दैनंदिन मालिकेचे दुर्दैव असे की, प्रत्येक भागाच्या अखेरीस एक धक्का द्यावाच लागतो. शेकडो भाग झाले की धक्के उरतात, धास्ती संपते.

आपल्या लोकसमजुतींतील भुते अशी उथळ नव्हती. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा, आणि त्याचे घर पिंपळावर; बाळंतपणात गेलेली स्त्री ती हडळ; रात्रीच्या वाटसरूला फिरवीत राहणारा तो चकवा; गावाची सीमा राखणारा तो देवचार. प्रत्येकाला जागा आहे, नियम आहे, आणि बहुतेकांच्या मागे अर्धवट राहिलेले आयुष्य आहे. बाळंतपणात किती स्त्रिया मरत होत्या, हे हडळीच्या कथांनी आपल्या परीने नोंदवून ठेवले आहे. या दुःखाचे भान सुटले म्हणजे उरते ती पांढरी साडी आणि मोकळे केस, आणि मग लेखक विधवा, वेडसर बाई, कुरूप म्हातारी यांनाच भूत करून मोकळा होतो.

हा प्रश्न केवळ कलेचा नाही. महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदे करावे लागले, कारण माणसांना खरोखरच भूतबाधेच्या नावाखाली छळले जात होते. भयपट अंधश्रद्धा पोसतात, हा आक्षेप म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. माझे उत्तर असे की, चांगली भयकथा विश्वास मागत नाही. ती कल्पना मागते. शाकुंतलातील हरिणाचे भय अनुभवण्यासाठी कोणाला मृगयेवर विश्वास ठेवावा लागत नाही. वाईट भयकथा मात्र समोरच्या एखाद्या दुबळ्या माणसाकडे बोट दाखविते आणि ‘हिला भ्या’ म्हणून सांगते. पहिलीने भय सर्वांचे होते. दुसरीने ते एका व्यक्तीच्या माथी मारले जाते. अभिनवगुप्ताची कसोटी येथे सौंदर्याची राहत नाही, नीतीची होते.

तेव्हा रसप्रकरण शिकविताना पुढच्या वेळी भयानकापाशी थोडे थांबावे. विद्यार्थ्यांनी नुकत्याच पाहिलेल्या एखाद्या भयपटाचे नाव त्यांच्याकडूनच घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत : हे भय सोंगाचे, अपराधाचे की भेदरलेल्या मनाचे? भुताला नियम कोणता? आणि भूत म्हणून जिला उभे केले आहे तिचे दुःख लेखकाला ठाऊक होते काय? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग गप्प झाला, तर त्या दिवसाचा तास सत्कारणी लागला असे समजावे.